एकाच घराण्याची माती

कोप्पीकर रोडवर मुलतानी मातीचं पाकीट घेतलं आणि दुकानाच्या पायरीवरून उतरताना पाय घसरला. नळासाठी खणलेल्या चरातला काळा चिखल रात्रीच्या पावसाने रस्त्याकडेला पसरला होता. पिशवीत पिवळसर माती, चपलेला काळी, आणि दोन्ही बहुतांशी एकाच घराण्याच्या. हुबळीत घराणं म्हटलं की लोकांना किराणा आठवतं, पण मातीलाही कूळ असतं.

घरी येऊन चपलेची काळी खरडून एका वाटीत ठेवली. तीन दिवसांत ती वाळली, कडा वाटीपासून सुटल्या, मधोमध भेग पडली. पुन्हा पाणी घातलं तर हळूहळू फुगली आणि भेग बुजली.

इथला कन्नड शेतकरी हिला 'एरी' म्हणतो. आपण नुसतं 'काळी' म्हणतो, आणि मराठीत काळी म्हणजे कसायची जमीन, पांढरी म्हणजे गावठाण. तेलुगूतल्या 'रेगड'वरून इंग्रजीत 'रेगूर' झालं आणि तिथून ते आपल्या भूगोलाच्या पुस्तकात येऊन बसलं. शास्त्रज्ञांनीही वेगळं काही केलं नाही. जसं मुलतानवरून मुलतानी, चीनमधल्या गाओलिंगवरून केओलिन, तसं 1847 मध्ये दामूर आणि साल्व्हेता या फ्रेंचांनी माँमोरियाँ गावावरून या घराण्यातल्या खनिजाला मॉन्टमोरिलोनाइट म्हटलं. नाव पडलं, आतलं काही कळलं नाही.

आतलं कळायला क्ष-किरण यावे लागले. 1930 मध्ये लायनस पॉलिंगने थरांच्या खनिजांची मांडणी सुचवली, 1933 मध्ये हॉफमन, एंडेल आणि विल्म यांनी मॉन्टमोरिलोनाइटची. सिलिकाचे दोन पत्रे, मधे ॲल्युमिनाचा एक, आणि अशी एक घडी जेमतेम एक नॅनोमीटर जाडीची. दोन घड्यांच्या फटीत पाणी शिरतं, म्हणून वाटीतली काळी फुगते. म्हणूनच घर बांधताना पायातली काळी उपसून मुरूम भरतात. जे भरत नाहीत त्यांच्या भिंती पुढे बोलतात.

पण क्ष-किरणांची एक पंचाईत होती. ॲल्युमिनियमचा अणुक्रमांक 13, सिलिकॉनचा 14. इलेक्ट्रॉनांवरून अणू ओळखणाऱ्या किरणांना हे जुळे भाऊच. त्यात मॉन्टमोरिलोनाइटच्या घड्या विस्कटलेल्या पत्त्यांसारख्या, कशाही एकमेकींवर पडलेल्या. आणि नेमकं हेच कळायला हवं होतं, की सिलिकॉनच्या जागी ॲल्युमिनियम किती घुसलंय आणि ॲल्युमिनियमच्या जागी मॅग्नेशियम किती. या घुसखोरीमुळे थरावर ऋण भार येतो, आणि त्या भारावर चुना, पोटॅश, अमोनिया धरून ठेवले जातात. शेतकरी जमिनीचा कस म्हणतो, त्यातला बराचसा इथला.

जुळे ओळखायचे तर अणुकेंद्राला विचारावं लागतं. चुंबकात ठेवून रेडिओलहरींनी विचारण्याची रीत होती, ती द्रवासाठी उत्तम. द्रवात रेणू गरागरा फिरतात, त्यामुळे आलेखात रेषा बारीक येतात. घनात सगळे बसल्या जागी, म्हणून रेषांऐवजी पसरट ढिगारा. 1958 मध्ये वेल्समधल्या बँगोरला अँड्र्यू आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांनी यावर साधा तोडगा काढला: घन आपणहून फिरत नसेल तर आपण त्याला फिरवू. मात्र चुंबकाच्या दिशेशी 54.7 अंशांचा तिरपा आस धरून. चौकोनी डब्याच्या, म्हणजे लांबी-रुंदी-उंची सारखी असलेल्या डब्याच्या, एका कोपऱ्यातून थेट समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोरी ताणली तर ती डब्याच्या कडेशी हाच कोन करते. त्याला 'जादूचा कोन' म्हणतात. मला यात जादूपेक्षा भूमिती जास्त दिसते. आज झिर्कोनियाच्या चार मिलिमीटर जाड नळीत मातीची पूड ठासतात आणि दाबलेल्या हवेच्या झोताने ती सेकंदाला दहा हजार फेरे फिरवतात. आपला भोवरा लाजेल.

1980 मध्ये टालिनचा लिपमा आणि पूर्व बर्लिनचा एंगेलहार्ट यांच्या चमूने ही युक्ती सिलिकेटांवर चालवली. उत्तर देणारं सिलिकॉन शंभरात पाचसुद्धा नसतं, 4.7 टक्केच, पण तेवढं पुरतं. ॲल्युमिनियम तर सगळंच बोलकं. चार ऑक्सिजनांच्या घरात असेल तर आलेखाच्या पट्टीवर खूण साठ-सत्तरच्या आसपास, सहांच्या घरात असेल तर शून्याजवळ. जुळे भाऊ तर वेगळे झालेच, कोण कुठल्या पत्र्यात राहतो तेही कळलं.

केओलिनसारख्या पांढऱ्या मातीपुरतं हे झकास. आपल्या काळीपाशी गाडी अडते, कारण हिच्या पत्र्यांत लोखंड. लोखंडाचे सुटे इलेक्ट्रॉन म्हणजे छोटी छोटी चुंबकंच. शेजारच्या अणूंची खूण ती पुसून टाकतात. मग लोखंडालाच साक्षीला बोलवायचं. ती सोय रुडॉल्फ मोसबाउअरने त्याच 1958 साली प्रसिद्ध केलेल्या परिणामाने झाली. 1961 मध्ये त्याला नोबेल मिळालं. किरणोत्सर्गी कोबाल्टचा कण सेकंदाला काही मिलिमीटर इतक्या मुंगीच्या चालीने पुढे-मागे हलवतात, आणि त्याचे गॅमा किरण कुठल्या वेगाला मातीतलं लोखंड गिळतं ते पाहतात. त्यावरून लोखंड फेरस की फेरिक, हे कळतं.

शेतात पाणी तुंबलं की जंतू पत्र्यातल्या फेरिकला फेरस करतात, थराचा ऋण भार वाढतो, आणि पोटॅश घड्यांत आणखी घट्ट अडकतं. आलेखात एक जोडरेषा खचते, दुसरी वर येते. माझ्याकडे तसलं यंत्र नाही. वाटी आठवडाभर पाण्यासकट खिडकीत राहिली, आणि काल काळीचा गोळा उलटा केला तर तळाला निळसर राखाडी छटा आली होती.