बुंध्याच्या यंत्राचे दात

अमेरिकेत ज्यांच्या घरापुढे अंगण आहे अशा आपल्या नातेवाइकांनी हे यंत्र कधी ना कधी पाहिले असेल. झाड कापून नेले की वीतभर बुंधा मागे राहतो. मग एक माणूस छोट्या गाड्यासारखे यंत्र घेऊन येतो. त्याच्या पुढच्या बाजूला जाड पोलादी चाक असते आणि चाकाला बोटाएवढे दात बसवलेले असतात. चाक गरगर फिरत बुंध्यावरून डावी-उजवीकडे सरकते आणि बघता बघता बुंध्याचा चुरा होतो. त्याला तिकडे स्टंप ग्राइंडर म्हणतात. इंजिन, पट्टे, चाक हे सगळे आपल्या ओळखीचे आहे. मला कुतूहल आहे ते त्या दातांचे, कारण त्यांच्या मागे बराच इतिहास आहे आणि तो सगळाच सुखाचा नाही.

आधी बुंध्यांचे काय करत ते पाहू. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मिशिगन, विस्कॉन्सिन, मिनेसोटा या भागांतली पाइनची जंगले लाकूड कंपन्यांनी साफ केली आणि ती जमीन बुंध्यांसकट शेतकऱ्यांना विकली. नांगर कसा चालणार? लोक बुंधे जाळत, बैलघोडे लावून उपटत, नाहीतर सुरुंग लावत. डायनामाइटचे कारखाने शेतकऱ्यांसाठी माहितीपुस्तके छापत. पहिल्या महायुद्धानंतर तर सरकारने शिल्लक राहिलेल्या दारूगोळ्यापासून पायरोटॉल नावाचे स्फोटक तयार करवून शेतकऱ्यांना स्वस्तात दिले. बुंधे काढा, जमीन लागवडीखाली आणा, असा हेतू.

हेतू चांगलाच होता. पण १८ मे १९२७ रोजी मिशिगनमधल्या बाथ या गावी एका माणसाने तेच पायरोटॉल आणि डायनामाइट शाळेच्या इमारतीखाली पेरून स्फोट केला. ३८ मुले गेली. तो माणूस शाळेच्या मंडळाचा खजिनदार होता, आणि शेतकरी असल्यामुळे त्याच्या स्फोटके विकत घेण्याचे कोणाला नवल वाटले नव्हते. आयुष्य शाळेत घालवलेल्या माणसाला हे वाचून पुढची ओळ वाचवत नाही. बुंधा काढायला सुरुंगाखेरीज दुसरे साधन हवे होते, यात शंका नाही.

ते साधन आले पुढे तीस वर्षांनी, आणि त्याची गरज शेतापेक्षा शहराला जास्त पडली. त्याला कारण एक रोग. अमेरिकेतल्या कितीतरी गावांत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना एल्मची झाडे असत, वर फांद्यांची कमान झालेली. १९३० साली ओहायो राज्यात त्यांच्यावर एक बुरशी आढळली. फर्निचरसाठी युरोपातून आणलेल्या ओंडक्यांबरोबर ती आली होती. 'डच एल्म रोग' हे तिचे नाव. (यात डचांचा काही दोष नाही हो! नेदरलँड्समध्ये बेआ श्वार्ट्स या तरुण संशोधक बाईंनी १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला हा रोग बुरशीमुळे होतो हे शोधून काढले, म्हणून हे नाव. शोध लावणाऱ्याच्या देशाला रोगाचे नाव चिकटावे हा न्याय अजबच.) बुरशीचा प्रसार करतो एक छोटा भुंगेरा. तो एल्मच्या सालीखाली अंडी घालतो. एका ओळीत लावलेल्या झाडांची मुळे जमिनीखाली एकमेकांत जुळलेली असल्यामुळे रोग मुळांवाटेही पसरतो. पुढच्या काही दशकांत कोट्यवधी एल्म मेले.

आता लक्षात घ्या, झाड कापले तरी सालीसकट राहिलेला बुंधा म्हणजे त्या भुंगेऱ्याचे आयते बाळंतघर. म्हणून साल सोला, नाहीतर बुंधा जमिनीच्या पातळीखालपर्यंत काढा, असे नियम अनेक गावांनी केले. भर वस्तीत, पाण्याचे नळ आणि फरसबंदी यांच्या मध्ये सुरुंग लावणार कसा? अशा काळात, १९५७ साली, आयोवा राज्यातल्या पेला गावच्या व्हर्मीर कंपनीने बुंधा कापणारे यंत्र बाजारात आणले. पेला हे गाव १८४७ साली डच स्थलांतरितांनीच वसवलेले. योगायोग म्हणायचा, दुसरे काय.

यंत्र आले, पण खरी परीक्षा दातांची होती. करवतीला फक्त लाकूड कापायचे असते. मातीने माखलेल्या फळीला कोणताही सुतार आपली करवत लावणार नाही, आधी झटकून पुसून घेईल. बुंध्याच्या यंत्राला ही चैन नाही. लाकूड संपते तिथे माती सुरू होते, मुळांच्या बेचक्यात खडे अडकलेले असतात, क्वचित जुन्या कुंपणाची तार खोडाने गिळलेली असते. साध्या पोलादाचा दात तिथे फार काळ टिकत नाही. तेव्हा दोन गोष्टी हव्या होत्या. एक, दात मोडला तर तेवढाच बदलता यावा. दोन, तो पोलादाहून कठीण असावा.

पहिली गोष्ट जुनीच होती. कॅलिफोर्नियातल्या सोन्याच्या धावपळीत लाकडाला मोठी मागणी आली. तिथल्या गिरण्यांतल्या गोल करवतीचा दात तुटला की सगळे पातेच निकामी व्हायचे, आणि पूर्वेकडून येणारी रेल्वे तर १८६९ साली पुरी झाली. सॅक्रामेंटोच्या नेथन स्पॉल्डिंग या कारागिराने १८६१ साली पेटंट घेतले ते सुटे दात बसवण्याच्या खाचेचे. त्याची हुशारी अशी की खाच चौकोनी न ठेवता त्याने गोलसर केली. चौकोनी खाचेच्या कोपऱ्यातून पात्याला तडा जातो, गोलसर खाचेतून ताण विभागला जातो. एवढीच गोष्ट, पण त्यावर गिरण्या चालल्या. हे गृहस्थ पुढे ओकलंड शहराचे महापौर झाले.

दुसरी गोष्ट मात्र लाकडाच्या धंद्यातून आलीच नाही. ती आली विजेच्या दिव्यातून. दिव्यातली टंगस्टनची तार बारीक छिद्रातून ओढून काढावी लागते आणि त्या छिद्राच्या साच्याला हिरे लागत. हिऱ्यांना पर्याय शोधताना बर्लिनच्या ओसराम कंपनीतल्या कार्ल श्र्योटर यांनी १९२३ साली टंगस्टन कार्बाइडची बारीक पूड कोबाल्ट धातूबरोबर दाबून, भाजून एक नवा पदार्थ बनवला. क्रुप कंपनीने हक्क घेतले, नाव ठेवले 'विडिया', म्हणजे जर्मनमध्ये 'हिऱ्यासारखे' या शब्दांचा जोड, आणि १९२७च्या लायपझिगच्या जत्रेत तो लोकांपुढे मांडला.

अमेरिकेत हक्क मिळाले जनरल इलेक्ट्रिकला. १९२८ साली क्रुपशी करार झाला आणि पौंडाला सुमारे ५० डॉलर असलेला भाव ४५३ डॉलरवर गेला. पौंडात साधारण ४५३ ग्रॅम असतात, म्हणजे ग्रॅमला एक डॉलर. त्या वेळी सोन्याचा सरकारी भाव औंसाला २०.६७ डॉलर होता. सोनाराच्या औंसात ३१ ग्रॅम, तेव्हा ग्रॅमला ६६-६७ सेंट. गणिताच्या तासाला द्यावे असे उदाहरण आहे! कारखान्यात कापायला लागणारा तुकडा सोन्याहून महाग, आणि तो बनवायला सोन्यासारखे दुर्मिळ काही लागत होते म्हणून नव्हे. दोन कंपन्यांनी आपसांत ठरवले म्हणून. १९४० साली सरकारने खटला भरला. युद्धामुळे तो लांबला आणि १९४८ साली न्यायालयाने जनरल इलेक्ट्रिकला दोषी ठरवले. तोवर कार्बाइडचे भाव खूप खाली आले होते. माझे आपले मत असे की बागेतला बुंधा कापायच्या यंत्राला कार्बाइड परवडू लागले, यात संशोधकांइतकाच त्या खटल्याचाही वाटा आहे.

पण कार्बाइड म्हटले की काम झाले असे नाही. मराठीत 'कठीण' आणि 'चिवट' हे दोन वेगळे शब्द आहेत, आणि इथे दोघांचे भांडण आहे. पाटीवरची पेन्सिल कठीण, पण पडली की दोन तुकडे. वाख चिवट, पण सुरीला बोथट करत नाही. कार्बाइडचे कण कठीण, त्यांना धरून ठेवणारा कोबाल्ट चिवट. कोबाल्ट शेकडा ६ घातला तर दात झिजत नाही, पण दगडावर आपटला की टवका उडतो. १० ते १५ घातला तर मार सोसतो, पण लवकर झिजतो. तेव्हा जमीन वाळूची असेल तर कठीण दात, खडकाळ असेल तर चिवट. दुकानदाराला बुंधा कुठल्या झाडाचा ते सांगण्याआधी जमीन कशी ते सांगावे.

देखभालीचे थोडक्यात. चाकाला सरळ, डावे आणि उजवे असे दात असतात, म्हणजे कापलेली खाच चाकाहून रुंद होते आणि चाक अडकत नाही. करवतीचे दात आळीपाळीने दोन्हीकडे वाकवतात, तेच तत्त्व. दात बदलताना समोरासमोरचे जोडीने बदलावेत, नाहीतर चाकाचा तोल जाऊन यंत्र थरथरते. टवक्यांऐवजी बारीक धूळ उडू लागली की धार गेली असे समजावे. मग जोर लावून रेटण्यात अर्थ नाही, त्याने दाताच्या मागची पोलादी बैठक झिजते, आणि ती दातापेक्षा महाग. काही नव्या प्रकारचे दात गोल असतात. बोल्ट सैल करून थोडे फिरवले की नवी कड पुढे येते. कार्बाइडला नेहमीचा करडा सहाणदगड चालत नाही, हिरवा सिलिकॉन कार्बाइडचा दगड किंवा हिऱ्याची चकती लागते. तापलेला दात पाण्यात बुडवू नये, तडे जातात. आणि घासताना नाकाला मास्क हवाच, कारण कोबाल्टमिश्रित धूळ फुप्फुसाला फार वाईट. यंत्रांच्या कारखान्यांत हा रोग झालेल्या कामगारांच्या नोंदी आहेत.

हा पदार्थ आपल्याला परका नाही. पुण्याजवळ दापोडीला सँडविकचा कारखाना १९६० पासून कार्बाइडची हत्यारे बनवत आला आहे, आणि लेथवर काम केलेल्या कोणालाही 'टिप' म्हटले की कळते. भंगारवालेसुद्धा झिजलेल्या टिपा लोखंडात मिसळू देत नाहीत. वेगळ्या डब्यात ठेवतात, त्यांचा भाव किलोवर वेगळा लावतात.