मला विचारल्याशिवाय नाही

१९७०च्या दशकापर्यंत अमेरिकेत स्तनात गाठ घेऊन आलेली बाई दवाखान्यात एकाच कागदावर सही करायची. तिला भूल दिली जाई, गाठीचा तुकडा काढून तिथल्या तिथे तपासला जाई आणि त्यात कर्करोग दिसला तर त्याच टेबलावर, त्याच भुलीत तिचा स्तन, छातीचे स्नायू आणि काखेतल्या ग्रंथी काढून टाकल्या जात. जाग येईल तेव्हा छातीवर छोटीशी पट्टी असेल की एक बाजूच गेलेली असेल, हे आत जाताना तिला ठाऊक नसे. मध्ये कुणी तिला उठवून विचारत नसे.

ही रीत दोन शोधांतून घडली. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात विल्यम हॉल्स्टेड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ही मोठी शस्त्रक्रिया रूढ केली. रोग मूळ जागेपासून सलग पसरत जातो, म्हणून जितकं जास्त कापाल तितकं बरं, असा त्यामागचा विचार. पुढे १९०५ साली मिनेसोटातल्या मेयो क्लिनिकमध्ये लुईस विल्सन यांनी काढलेला तुकडा हिवाळ्यातल्या कडाक्याच्या थंडीत खिडकीबाहेर गोठवला, त्याला निळा रंग दिला आणि काही मिनिटांत निदान करून दाखवलं. सर्जनच्या दृष्टीने ही मोठीच सोय होती. पण कळणं आणि कापणं यांच्यात रुग्णाला विचार करायला जो वेळ मिळाला असता, तोच या सोयीने संपवला.

त्या काळी मुळात रुग्णाला काही सांगण्याचीच पद्धत नव्हती. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या १८४७च्या आचारसंहितेत डॉक्टरच्या शब्दांनीही रुग्णाचं आयुष्य कमी होऊ शकतं, असा इशारा होता आणि निराशाजनक भाकितं टाळा, असा सल्ला होता. १९६१ साली शिकागोत २१९ डॉक्टरांची पाहणी झाली. कर्करोग झालेल्याला तसं सांगत नाही, असं जवळजवळ ९० टक्क्यांनी सांगितलं. ही रीत फक्त अमेरिकेतलीच नव्हती. जपानचे सम्राट हिरोहितो १९८९च्या जानेवारीत गेले. त्यांना कर्करोग होता हे देशाला त्यांच्या मृत्यूनंतर कळलं आणि त्यांना स्वतःला ते कधीच सांगितलं गेलं नव्हतं. सम्राटालाही जे कळू दिलं नाही, ते कॉलेजात जाणाऱ्या पोराला कोण सांगणार?

१९७४च्या उन्हाळ्यात मेरीलँडमधल्या रोझ कुशनर या पत्रकार बाईंना गाठ लागली. वय ४५. व्हिएतनाम युद्धाचं वार्तांकन करून आलेली बाई, घाबरली तरी ग्रंथालयात गेली. आधी फक्त तुकडा तपासा, निकाल मला सांगा, पुढचं नंतर ठरवू, एवढंच तिचं मागणं होतं. ते मान्य करणारा सर्जन शोधताना तिला नकारांवर नकार मिळाले. निदान कर्करोगाचंच निघालं. तेव्हा ती बफेलोच्या रॉसवेल पार्क संस्थेत गेली आणि छातीचे स्नायू राखणारी शस्त्रक्रिया तिने करवून घेतली. त्याच वर्षी २८ सप्टेंबरला अध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्ड यांच्यावर जुन्या पद्धतीने, एकाच भुलीत शस्त्रक्रिया व्हायची होती. आदल्या रात्री कुशनरबाईंनी थेट व्हाइट हाउसपर्यंत निरोप पोचवायचा प्रयत्न केला. अध्यक्षांनी निर्णय घेतला आहे, असं उत्तर त्यांना मिळालं. अध्यक्षांनी! ज्या बाईचं शरीर होतं तिचा उल्लेखही त्या उत्तरात नव्हता.

कुशनर हट्टी होत्या, पण त्यांचं म्हणणं नुसत्या हट्टावर उभं नव्हतं. पिट्सबर्गचे सर्जन बर्नार्ड फिशर यांनी १९७१ साली १७००हून जास्त स्त्रियांवर एक चाचणी सुरू केली होती. मोठी शस्त्रक्रिया आणि लहान शस्त्रक्रिया यांत जगण्याच्या दृष्टीने फरक पडत नाही, असे तिचे निष्कर्ष येऊ लागले. पुढे १९८५ साली त्यांच्याच दुसऱ्या चाचणीने दाखवलं, की नुसती गाठ काढून किरणोपचार दिले तरी स्त्री तितकीच जगते. पुरावा प्रयोगशाळेतून आणि रुग्णालयांतून आला, हे खरंच. पण सर्जनांच्या हातातली सवय त्या पुराव्याने एकट्याने मोडली नसती. १९७९च्या जूनमध्ये अमेरिकी सरकारच्या आरोग्य संस्थेने तज्ज्ञांची परिषद बोलावली, तेव्हा त्या मंडळात डॉक्टर नसलेली एकच व्यक्ती होती, रोझ कुशनर. निदान आणि शस्त्रक्रिया वेगळ्या वेळी व्हाव्यात, ही शिफारस त्या परिषदेने केली. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका पाहणीत ९७ टक्के डॉक्टर म्हणाले, आम्ही रुग्णाला निदान सांगतो. १८ वर्षांत आकडा जवळजवळ उलटा झाला होता.

निदान सांगितलं जाऊ लागलं तेव्हा तरुणांचा वेगळाच प्रश्न वर आला. साठीतल्या माणसाला आधी रोगातून वाचायचं असतं. विशीतल्या माणसाला वाचून पुढे चाळीस-पन्नास वर्षं जगायचं असतं, शिकायचं असतं, नोकरी शोधायची असते, लग्न करायचं असतं, मुलं हवी असतात. उपचाराची किंमत त्याला त्या सगळ्या वर्षांत फेडावी लागते. हॉजकिन्स लिम्फोमा हा कर्करोग बरा करणारी औषधं १९६०च्या दशकात आली आणि हजारो तरुण वाचले. त्याच औषधांनी अनेकांची मूल होण्याची शक्ती गेली. छातीवरच्या किरणोपचारांचा परिणाम हृदयावर वीस-तीस वर्षांनी दिसू लागला.

हे सगळ्यात स्पष्ट मांडलं ते फिट्झह्यू मुलन या तरुण डॉक्टरने. १९७५ साली, वयाच्या ३२व्या वर्षी, स्वतःच्याच छातीच्या एक्स-रेमध्ये त्याला मोठी सावली दिसली. शस्त्रक्रिया, किरणोपचार, केमो आणि त्यांची गुंतागुंत यांत त्याची काही वर्षं गेली. १९८५ साली त्याने न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये लिहिलं, की रुग्णाच्या जगण्याचे वेगवेगळे ऋतू असतात आणि ते निदानाच्या दिवसापासून सुरू होतात. बुडणाऱ्याला अद्ययावत साधनांनी पाण्याबाहेर काढायचं आणि मग धक्क्यावर खोकत तसंच सोडून द्यायचं, असं वैद्यक करतं, हे त्याचं निरीक्षण. पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्की शहरात वीसेक माणसं जमली आणि त्यातून कर्करोगातून वाचलेल्यांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली.

या संघटनेचं नेतृत्व पुढे एलन स्टोव्हल यांच्याकडे आलं. त्यांना १९७१ साली, २४व्या वर्षी, हॉजकिन्सचं निदान झालं होतं; मुलगा जेमतेम काही आठवड्यांचा होता. १९९८ साली वॉशिंग्टनला कर्करोगाविरुद्ध जो मोठा मोर्चा निघाला, तो उभा करणाऱ्यांत त्या होत्या. उपचार संपल्यावर प्रत्येक रुग्णाच्या हातात लेखी कागद असावा, म्हणजे कोणती औषधं, किती किरण, पुढे कशावर लक्ष ठेवायचं, हे त्यात असावं, अशी शिफारस २००५ साली ज्या अहवालाने केली त्याच्या त्या सहसंपादक. २०१६ साली त्या गेल्या. जुन्या उपचारांनी दुखावलेल्या हृदयाने त्यांचा घात केला. तो कागद किती गरजेचा होता, हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार?

दरम्यान लंडनमध्ये १९९० साली मिडलसेक्स रुग्णालयात फक्त किशोरवयीन कर्करुग्णांसाठी पहिला वॉर्ड उघडला. त्याआधी सोळा वर्षांचा मुलगा एक तर बाळांच्या पाळण्यांशेजारी झोपे, नाहीतर आजोबांच्या वयाच्या माणसांमध्ये. अमेरिकेत २००६च्या सरकारी अहवालाने १५ ते ३९ हा वयोगट वेगळा मोजला आणि उपचारांच्या प्रगतीत तो मागे पडल्याचं सांगितलं. तरुण वयात कर्करोगाची शंकाच कुणाला येत नाही. थकवा आहे, परीक्षेचा ताण आहे, असं म्हणून दोन-दोन महिने जातात. अशा वेळी, ही गाठ गेलेली नाही, पुन्हा बघा, असं म्हणायला धीर लागतो.

आपल्याकडे, मुंबईत, परळचं टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालं. ‘टाटाला नेलंय’ एवढं म्हटलं की महाराष्ट्रातल्या घरांत पुढचं विचारावं लागत नसे. ज्याला नेलंय त्याच्यासमोर मात्र ‘गाठ आहे’, ‘शेक द्यायचाय’ एवढंच. ही माया होती, यात शंका नाही. पण त्या मायेने आजारी माणसाला त्याच्याच आजाराबद्दल बोलायला कुणी ठेवलं नाही, आणि घरातल्या तरुण मुलीच्या बाबतीत तर त्यात लग्न मोडायची भीतीही मिसळलेली असे.

याच शहरात रुग्णांचा आवाज हळूहळू संघटित झाला. १९६९ साली कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन निघाली. १९९१ साली टाटा रुग्णालयात लहानपणी उपचार झालेल्यांसाठी वेगळी ओपीडी सुरू झाली आणि २००९ साली, तिथे बऱ्या झालेल्या, आता मोठ्या झालेल्या मुलामुलींनी ‘उगम’ हा स्वतःचा गट काढला. सगळ्यात मोठी लढाई कोर्टात झाली. रक्ताच्या एका कर्करोगावरची ग्लिव्हेक ही गोळी महिन्याला लाखाच्या वर पडे, तर भारतीय कंपन्यांची तीच गोळी आठ-दहा हजारांत मिळे. हा रोग आपल्याकडे पाश्चात्त्य देशांपेक्षा तरुण वयात होतो आणि गोळी वर्षानुवर्षं घ्यावी लागते. ग्लिव्हेक बनवणाऱ्या नोव्हार्टिस कंपनीच्या पेटंट-अर्जाला कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनने विरोध केला, आणि १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनीचं अपील फेटाळलं.

संमतीचा प्रश्नही त्याच न्यायालयात गेला होता. फक्त तपासणीसाठी भूल घेतलेल्या एका सज्ञान स्त्रीचे अवयव, बाहेर बसलेल्या आईची परवानगी घेऊन काढले गेले होते. २००८ साली न्यायालयाने सांगितलं, की तपासणीची संमती म्हणजे उपचाराची संमती नव्हे, आणि जीव धोक्यात नसताना सज्ञान रुग्णाच्या वतीने आईची परवानगी चालत नाही. तरी आजही बाविशीतला रुग्ण समोर बसलेला असताना फाइल वडिलांच्या हातात जाते, आणि बोलणंही त्यांच्याशीच होतं.

मुलं होण्याबद्दलचा प्रश्न वडील क्वचितच विचारतात. मुलगा किंवा मुलगी संकोचाने गप्प राहते. अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००६ सालीच सांगून ठेवलंय, की हा विषय उपचारांआधी डॉक्टरांनीच काढावा. पण गर्दीच्या ओपीडीत तो राहून जातो. वीर्य गोठवून ठेवायला एखादा दिवस पुरतो, स्त्रीबीजं साठवायला साधारण दोन आठवडे लागतात, आणि पहिली केमो बहुतेकदा त्याच्या आतच ठरते. म्हणून हा प्रश्न रुग्णाने पहिल्याच भेटीत, तारीख लिहिली जाण्याआधी, स्वतःच्या तोंडाने विचारावा लागतो.