चुलीच्या धुराचा इतिहास



तापी आणि गोमाईच्या संगमावरचं हे गाव, दक्षिण काशी. पण प्रकाशाचं नाव इतिहासाच्या पुस्तकांत आणखी एका कारणाने येतं. १९५५ साली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे बी. के. थापर यांनी इथली पांढरी खणली. लोहयुगीन थरांच्या खाली ताम्रपाषाण काळातली वस्ती निघाली. माळवा आणि जोर्वे धाटणीची रंगीत मातीची भांडी मिळाली. म्हणजे मधे खंड पडला असला, तरी सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी या काठावर चुली पेटत होत्या. त्या भांड्यांवर विद्वानांनी पुष्कळ लिहिलं आहे. भांड्यांखालच्या धुराचा इतिहास मात्र फार कमी लिहिला गेला. आज त्याविषयी बोलू.

मी तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी, त्यामुळे सुरुवात न्यायशास्त्रापासून करतो. अनुमान शिकवताना आपले नैयायिक शतकानुशतकं एकच उदाहरण देत आले. डोंगरावर धूर दिसतो, त्यावरून तिथे अग्नी आहे असं ओळखायचं. याला दाखला कशाचा? स्वयंपाकघराचा! धूर आणि अग्नी एकत्र असतात हे प्रत्येकाने स्वयंपाकघरात पाहिलेलं असतं, हे त्यांनी गृहीतच धरलं. पण त्या धुरात बसलेली बाई त्यांच्या वाक्यात कुठेच नाही.

मात्र त्याच शास्त्रात दुसरी एक बारीक गोष्ट आहे, बरं का. जिथे धूर तिथे अग्नी, हे खरं. पण जिथे अग्नी तिथे धूर, हे खरं नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. मग धूर केव्हा होतो? ओलं इंधन असतं तेव्हा. शास्त्रकार याला उपाधी म्हणतात, म्हणजे बाहेरून आलेली अट. याचा अर्थ नीट ध्यानात घ्या : धूर हा अग्नीचा स्वभाव नव्हे. ती अट काढता येते. आजचं विज्ञान त्यात एवढीच भर घालतं की ओलाव्याइतकाच हवेचा अपुरा पुरवठाही कारण आहे. जळण अर्धवट जळतं आणि न जळलेला भाग काजळी, कार्बन मोनॉक्साइड आणि सूक्ष्म कण होऊन आपल्या छातीत जातो.

आपल्याकडे ही अट काढण्याचा पद्धतशीर प्रयत्न झाला तो वर्ध्याला. १९३४ साली गांधीजींनी अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन केला, जे. सी. कुमारप्पा त्याचे सूत्रधार. या संघाच्या मगनवाडीत मगन चूल तयार झाली. मातीचीच, पण अंग बंदिस्त, एका जाळावर एकाहून जास्त भांडी आणि धूर बाहेर नेणारं धुराडं. पुढे हैदराबादचे अभियंते एस. पी. राजू यांनी बिनधुराच्या स्वयंपाकघरावर १९५३ साली पुस्तिकाच लिहिली.

सरकारने हे काम मोठ्या प्रमाणावर हाती घेतलं ते १९८०च्या दशकात. राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रमात २००२ पर्यंत देशभर सुमारे साडेतीन कोटी चुली बसवल्या गेल्या. आकडा मोठा आहे. पण त्यांतल्या कितीतरी पुढे मोडल्या, धुराडी काजळीने बुजली, आणि घरोघरी जुनी तीन दगडांची चूल परत आली. का? चूल किती बसवल्या ते मोजलं गेलं. रोज कोण लिंपणार, धुराडं कोण साफ करणार, आणि मोठ्या भाकरीचा तवा तिच्यावर बसतो का, हे विचारणं कमी पडलं. पुढे ओडिशातही हाच अनुभव आला. रेमा हन्ना, एस्थर डुफ्लो आणि मायकेल ग्रीनस्टोन यांनी तिथल्या सुधारित चुलींचा काही वर्षं पाठपुरावा केला. पहिल्या वर्षी घरात धूर कमी जात होता. नंतर तो लाभ उरला नाही, कारण चुली नियमित वापरल्या जात नव्हत्या आणि त्यांची देखभालही होत नव्हती.

मग आली उज्ज्वला योजना, १ मे २०१६ रोजी. या इतिहासातली ही महत्त्वाची पायरी, कारण जोडणी बाईच्या नावाने मिळाली. आठ कोटीवी जोडणी सप्टेंबर २०१९ मध्ये आपल्या महाराष्ट्रातच, औरंगाबादला दिली गेली. पण सिलिंडर घरात येणं वेगळं आणि तो संपल्यावर पुन्हा भरून आणणं वेगळं. पऱ्हाट्या शेतात फुकट मिळतात; सिलिंडरला एकरकमी पैसे लागतात, आणि ते पैसे बहुधा तिच्या हातात नसतात. म्हणून चहा गॅसवर आणि भाकरी, आंघोळीचं पाणी चुलीवर, असं मिश्र चित्र दिसतं.

त्यात आपण घरं बदलली. जुन्या धाब्याच्या घरात छताला भोक असे, साणं म्हणत त्याला. कौलांच्या फटींतूनही धूर निघे. आता वर स्लॅब आहे, आणि खाली तीच चूल. निघायची वाट आपण बुजवली. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते २०२० साली जगात घरातल्या धुरामुळे सुमारे ३२ लाख माणसं अकाली मेली. त्यांत दोन लाखांहून जास्त पाच वर्षांखालची मुलं होती. चुलीपाशी आई, आणि आईच्या मांडीवर मूल, हे आपण जाणतोच.

तेव्हा या इतिहासातून घ्यायचं काय? जळण पावसाआधी वाळवून आडोशाला ठेवा. चूल पडवीत, मोकळ्यावर न्या. स्लॅबच्या खोलीत समोरासमोर, वरच्या बाजूला झरोके ठेवा आणि डासांची अगरबत्ती बंद खोलीत जाळू नका. यात नवीन काहीच नाही. खरा प्रश्न आहे तो घर बांधताना आणि महिन्याचा खर्च ठरवताना. स्वयंपाकघराची खिडकी कुठे हवी, हे गवंड्याला कोण सांगतं? सिलिंडर कधी आणायचा, हे कोण ठरवतं? जी बाई रोज तो धूर गिळते, तिला आधी विचारा. न्यायशास्त्राच्या वाक्यात जिला जागा मिळाली नाही, तिला निदान आपल्या घराच्या नकाशात तरी मिळू द्या.

इथेच थांबतो. प्रश्न जरूर विचारा, आणि पहिला प्रश्न समोर बसलेल्या ताई-मावशींकडून यावा अशी माझी विनंती आहे.