किल्लीच्या पात्यातला रोधक

मोटार जगात आली ती किल्लीशिवायच. कार्ल बेंझ यांनी १८८६ मध्ये ज्या तीनचाकी गाडीचे पेटंट घेतले, ती सुरू करायची तर मागचे मोठे गतिचक्र हाताने फिरवावे लागे. पुढची पंचवीस वर्षे बहुतेक गाड्या हँडल मारूनच सुरू होत. त्यासाठी मनगटात जोर हवा आणि अंगी थोडी माहितगारी हवी. ज्याला गाडी चालवता येत नाही त्याला ती चोरताही येत नाही, एवढेच काय ते संरक्षण होते. १९१२ मध्ये चार्ल्स केटरिंग यांचा विजेवर चालणारा स्टार्टर कॅडिलॅक गाडीत आला आणि हँडल मारण्याचा त्रास संपला. १९४९ मध्ये क्रायस्लर कंपनीने किल्ली फिरवताच इंजिन सुरू होईल अशी सोय केली. मालकाची सोय वाढली, तशी चोराचीही वाढली.

असे का झाले? इग्निशनची किल्ली फिरवल्यावर नेमके काय घडते ते पाहिले की उत्तर मिळते. कुलपाच्या मागे एक साधे बटन असते आणि किल्ली फिरली की ते मंडल पूर्ण करते. म्हणजे किल्लीचे काम शेवटी दोन तारा जोडण्याचे. कुलपाला हातही न लावता त्या तारा बाहेर ओढून जोडल्या, तरी इंजिनाला फरक कळत नाही. कुलूप कितीही उत्तम असो, ते ज्याचे रक्षण करते तिथे जायला दुसरी वाट असेल तर त्याचा उपयोग नाही.

यावर पहिला उपाय यांत्रिक होता. किल्ली काढली की स्टिअरिंगच अडकून बसावे, म्हणजे इंजिन सुरू झाले तरी गाडी वळवता येणार नाही. अमेरिकेत १ जानेवारी १९७० पासून अमलात आलेल्या सुरक्षा नियमाने, किल्ली काढल्यावर गाडीचे वळणे किंवा पुढे जाणे रोखणारी व्यवस्था नव्या गाड्यांना सक्तीची झाली. जनरल मोटर्सने १९६९ च्या गाड्यांतच स्टिअरिंगच्या दांड्यावर कुलूप बसवले होते. त्याच वर्षी त्यांच्या कॉर्व्हेट या प्रसिद्ध स्पोर्ट्‌स कारची किल्लीही समोरच्या फळीवरून स्टिअरिंगच्या दांड्यावर आली.

या कॉर्व्हेटच्याच कुलपाची गोष्ट आम्हांला येथे सांगायची आहे. नववी-दहावीच्या वर्गात शिकवला जाणारा ओहमचा नियम आणि भूमिती श्रेढी या दोन्ही गोष्टी तिच्यात भेटतात. त्याखेरीज, कुलूप मजबूत आहे म्हणजे नेमके काय, या प्रश्नाचा विचारही ती करायला लावते.

पंधरा किमतींची किल्ली

कॉर्व्हेटचे उत्पादन १९५३ पासून सुरू आहे. वेगवान, देखणी आणि महाग असल्याने चोरांची तिच्यावर कायम नजर असे. अखंड गाडी विकता येई, तसेच सुटे भाग काढूनही. स्टिअरिंगवरचे कुलूप काही चोरांना फार काळ अडवू शकले नाही. दांड्याभोवतीचे ओतीव आवरण फोडले की आतली यंत्रणा हाती लागे. १९८४ मध्ये अमेरिकन संसदेने कायदा करून, जास्त चोरीला जाणाऱ्या गाड्यांच्या मुख्य भागांवर ओळखक्रमांक घालणे बंधनकारक केले. मात्र कंपनीने मुळातच परिणामकारक चोरीरोधक साधन बसवले, तर त्या प्रकारच्या गाडीला सूट मिळण्याची तरतूदही त्यात होती. अशा वातावरणात १९८६ च्या कॉर्व्हेटबरोबर एक नवी किल्ली आली.

किल्ली दिसायला नेहमीसारखीच होती. फरक इतकाच, की तिच्या पात्यात एक छोटी काळी गोळी बसवलेली होती. ही गोळी म्हणजे एक रोधक. किल्ली कुलपात घातली की दोन संपर्कपट्ट्या गोळीच्या दोन्ही बाजूंना टेकत. तिथून दोन बारीक तारा स्टिअरिंगच्या दांड्यातून खाली एका इलेक्ट्रॉनिक पेटीकडे जात. पेटी रोध मोजी. तो ठरलेल्या किमतीचा असेल तरच स्टार्टरचा रिले जोडला जाई आणि इंजिनाच्या संगणकाला इंधन सोडण्याचा इशारा मिळे. रोध चुकीचा असेल तर पेटी दोन ते चार मिनिटे सर्व व्यवहार बंद ठेवी. त्या काळात योग्य किल्ली घातली तरी गाडी सुरू होत नसे.

रोधाच्या किमती होत्या फक्त पंधरा. ओहममध्ये त्या अशा : ४०२, ५२३, ६८१, ८८७, ११३०, १४७०, १८७०, २३७०, ३०१०, ३७४०, ४७५०, ६०४०, ७५००, ९५३० आणि ११८००.

हे आकडे वरवर पाहता विचित्र वाटतात. पण प्रत्येक किमतीला तिच्या आधीच्या किमतीने भागून पाहावे. उत्तर दर वेळी १.२४ ते १.३० च्या दरम्यान येते. म्हणजे ही जवळपास भूमिती श्रेढी आहे. सारख्या अंतराची, म्हणजे अंकगणिती श्रेढी का घेतली नाही? ४०२ ते ११८०० हे अंतर चौदा समान भागांत वाटले तर प्रत्येक पायरी सुमारे ८१४ ओहमची होते. खालच्या टोकाला पहिली पायरी चढताच किंमत तिप्पट होते, तर वरच्या टोकाला शेजारच्या दोन किमतींत जेमतेम सात टक्क्यांचा फरक उरतो. रोधकांच्या उत्पादनातील चूक टक्केवारीत मोजली जाते आणि तापमानामुळे होणारा बदलही किमतीच्या प्रमाणात असतो. तेव्हा शेजाऱ्यांतला फरकही टक्केवारीतच सारखा ठेवणे शहाणपणाचे. प्रयोगशाळेतील रोधकांच्या बाजारी किमती (१०, १२, १५, १८, २२...) याच तत्त्वावर ठरतात, हे शिक्षकांनी विद्यार्थ्यांना जरूर दाखवावे.

संख्या गुणिले वेळ

आता मुख्य प्रश्न. केवळ पंधरा पर्याय असलेले कुलूप चोराला कसे अडवणार? समजा, एका साध्या किल्लीच्या पात्यावर सहा खाचा आहेत आणि प्रत्येक खाच पाचपैकी एका खोलीची असू शकते. अशा किल्ल्या ५ चा ६ वा घात, म्हणजे १५,६२५ प्रकारच्या होतील. त्यापुढे पंधरा ही संख्या किरकोळ वाटते.

पण चोर १५,६२५ किल्ल्या करून पाहत बसत नाही, तो कुलूप फोडतो. फोडायला लागणारा वेळ खाचांच्या संख्येवर अवलंबून नसतो. रोधकाच्या किल्लीत मात्र कुलूप फोडूनही काम होत नाही, कारण उत्तर कुलपात नसून आतल्या पेटीत आहे. तिला पंधरापैकी योग्य रोध दाखवावाच लागतो आणि प्रत्येक चुकीनंतर थांबावे लागते. थांबण्याचा काळ चार मिनिटे धरला आणि योग्य किंमत शेवटी सापडली, तर चौदा वेळा थांबावे लागेल. म्हणजे ५६ मिनिटे. सरासरी काढली तर सात वेळा थांबणे, म्हणजे २८ मिनिटे. रस्त्यावर उभ्या असलेल्या गाडीत चोराला एवढा वेळ काढणे परवडत नाही.

कॉर्व्हेटच्या चोऱ्या यानंतर लक्षणीय घटल्या आणि १९८९ पासून कमॅरो व फायरबर्ड या चोरांच्या आवडत्या गाड्यांनाही अशीच किल्ली मिळाली. धडा असा, की कुलपाची ताकद केवळ पर्यायांच्या संख्येत नसते. पर्यायांची संख्या आणि एका प्रयत्नाला लागणारा वेळ यांचा गुणाकार पाहावा लागतो.

या रचनेतला कच्चा दुवाही उघड आहे. किल्ली आपले गुपित कोणालाही सांगते. ओहममापक लावला की रोध कळतो. किल्ली घटकाभर हाती आली तरी पुरे.

गुपित न सांगणारी किल्ली

पुढची पायरी होती प्रश्नोत्तराची. १९९० च्या दशकात किल्लीच्या मुठीत एक सूक्ष्म चिप आणि तारेचे वेटोळे आले. कुलपाभोवतीच्या वेटोळ्यातून प्रत्यावर्ती प्रवाह जातो आणि विद्युतचुंबकीय प्रवर्तनाने किल्लीतल्या चिपला ऊर्जा मिळते, त्यामुळे तिला बॅटरी लागत नाही. गाडी एक यादृच्छिक संख्या पाठवते. किल्ली आपल्या गुप्त संख्येच्या मदतीने तिचे रूपांतर करून उत्तर देते. गाडीही तेच गणित करून उत्तर ताडून पाहते. गुप्त संख्या स्वतः कधीच बाहेर पडत नाही. अशी यंत्रणा नसलेली गाडी विकता येणार नाही, असा नियम युरोपीय संघाने १९९५ मध्ये केला आणि ऑक्टोबर १९९८ पासून तो नव्या मोटारींना लागू झाला.

वर्गात हे खेळून दाखवता येते. एक विद्यार्थी गाडी, दुसरा किल्ली, तिसरा चोरून ऐकणारा. गुपित ७, आणि नियम गुणाकाराचा. गाडी म्हणते १२, किल्ली म्हणते ८४. ऐकणारा क्षणात ८४ ला १२ ने भागून गुपित ओळखतो! तेव्हा नियम असा हवा, की उत्तरावरून उलटे मागे जाता येऊ नये. शिवाय गुपिते इतकी हवीत, की एकेक तपासून पाहणे अशक्य व्हावे.

टेक्सास इन्स्ट्रुमेंट्‌सच्या एका लोकप्रिय चिपमध्ये गुपित ४० द्विमान अंकांचे होते. २ चा ४० वा घात म्हणजे सुमारे १ लाख १० हजार कोटी. प्रत्येक प्रयत्नाला चार मिनिटे थांबावे लागले असते तर सगळे पर्याय तपासायला ८० लाखांहून अधिक वर्षे लागली असती. पण २००५ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ आणि आरएसए लॅबोरेटरीज येथील संशोधकांनी ते गुपित एका तासाच्या आत शोधून दाखवले. कारण त्यांना गाडीसमोर थांबायचे नव्हते. प्रश्नोत्तराच्या दोन जोड्या मिळवल्या, की पुढचे सर्व काम आपल्या प्रयोगशाळेत, एकाच वेळी गणित करणाऱ्या सोळा चिपांवर चालले. तासाभरात सर्व पर्याय तपासायचे तर वेग सेकंदाला सुमारे ३० कोटी हवा. यंत्राला तो जड नाही. गुणाकारातला एक घटक प्रचंड होता, पण दुसरा जवळजवळ शून्य झाला होता.

या चिपमधील गणिताचा नियमही कंपनीने गुप्त ठेवला होता. संशोधकांनी तो प्रयोगांतून उकलला. यंत्र शत्रूच्या हाती पडेल असे धरूनच चालावे आणि केवळ किल्ली गुप्त ठेवावी, हे तत्त्व ऑग्यूस्त केर्कहॉफ्स यांनी १८८३ मध्येच मांडले होते. त्याकडे दुर्लक्ष करण्याची किंमत उद्योगाने पुढेही मोजली. पोर्शसारख्या महागड्या गाड्यांतही वापरल्या गेलेल्या मेगॅमॉस या यंत्रणेतील उणिवांवरचा निबंध २०१३ मध्ये इंग्लंडमधील न्यायालयाच्या मनाईमुळे अडला आणि २०१५ मध्येच प्रसिद्ध होऊ शकला.

जुन्या गाडीचे काय?

इतके असूनही नव्या यंत्रणेचा एकूण परिणाम चांगलाच झाला. नेदरलँड्‌समधील आकडेवारीचा अभ्यास करून यान व्हान ओर्स आणि बेन व्होलार्ड या अर्थशास्त्रज्ञांनी दाखवले, की सक्तीनंतर चोरीचे एकूण प्रमाण बरेच उतरले. मात्र चोरांचा काही रोख संरक्षण नसलेल्या जुन्या गाड्यांकडे वळला. शेजाऱ्याने दाराला कुलूप लावले की आपले उघडे दार जास्त नजरेत भरते, तसाच हा प्रकार. पश्चिम ऑस्ट्रेलियाने हे ओळखून १९९९ पासून, वापरलेली गाडी नव्या मालकाच्या नावे होताना तिच्यात इंजिन रोखणारे साधन असलेच पाहिजे असा नियम केला.

१९८६ ची कॉर्व्हेट आज जपणाऱ्या मालकापुढे याहून वेगळी अडचण आहे. हजारो वेळा किल्ली फिरवून स्टिअरिंगच्या दांड्यातल्या त्या बारीक तारा झिजतात आणि तुटतात. संपर्कपट्ट्यांवर मळ साचतो. दहा ओहमचा जादा रोध ११८०० ओहमच्या किल्लीत एक दशांश टक्काही नाही, पण ४०२ ओहमच्या किल्लीत तो अडीच टक्के होतो. तार तुटली तर पेटीला रोध अनंत दिसतो, आणि मग मालकालाच चोर समजून गाडी जागची हलत नाही. यावर अनेक जण सोपा तोडगा काढतात. किल्लीइतक्याच किमतीचा रोधक पेटीच्या तारांना कायमचा जोडून टाकतात. गाडी हमखास सुरू होते, पण आता ती रोधक नसलेल्या किल्लीनेही सुरू होते. गाडी पुन्हा १९६९ च्या स्थितीत येते.

प्रत्येक कुलपाकडून दोन प्रकारच्या चुका होऊ शकतात. परक्याला आत घेणे ही एक आणि आपल्याला बाहेर ठेवणे ही दुसरी. पहिली कमी करायला गेले की बहुधा दुसरी वाढते, आणि दुसरीला कंटाळून माणूस पहिलीला दार उघडून देतो. म्हणून जुन्या गाडीच्या मालकाने तारा आणि कुलपाचा गाभा बदलून मूळ यंत्रणा जिवंत ठेवणे अधिक हिताचे. तिच्या जोडीला इंधनपंपाच्या मंडलात एक लपवलेले बटन आणि स्टिअरिंगवर दिसेल असा अडसर ठेवावा. यांतला एकही उपाय अभेद्य नाही. अडसराची दांडी पोलादी असली तरी स्टिअरिंगचे कडे कापता येते. पण एकेका उपायाला लागणारी मिनिटे एकमेकांत मिळवली जातात, आणि चोराकडे मिनिटेच कमी असतात.

शाळेच्या प्रयोगशाळेत एक रोधक, एक मापक आणि एक घड्याळ असले, तर हा सारा इतिहास एका तासिकेत मांडता येईल. घड्याळ मात्र विसरू नये.