एक धडा, अनेक पंतोजी



एका गांवचा मुलगा दुसऱ्या गांवच्या शाळेंत गेला, तर तो कोणत्या इयत्तेंत बसेल, हें आज सहज सांगतां येतें. दोनशें वर्षांपूर्वीं हा प्रश्नच निघाला नसता. पंतोजीच्या शाळेंत मुलें धुळाक्षरें गिरवीत, मोडी वळवीत, पावकी-निमकी घोकीत. छापील पुस्तक बहुधा कोणाच्या हातीं नसे. पंतोजीला जें येई, तोच अभ्यासक्रम. आणि पंतोजी गांव सोडून गेला, कीं अभ्यासक्रमही त्याच्याबरोबर जाई!

ही स्थिति पालटण्याचा उपक्रम मुंबईच्या शाळापुस्तक मंडळीनें केला. एल्फिन्स्टनसाहेबांच्या आश्रयानें १८२२ सालीं ती स्थापन झाली. आधीं पुस्तकें छापावीं, शिक्षक तयार करावे आणि मग शाळा काढाव्या, असा तिचा क्रम होता. कॅप्टन जर्व्हिस यांनीं मराठींत गणिताचीं पुस्तकें सिद्ध केलीं. १८३६ सालीं दादोबा पांडुरंग तर्खडकरांचें व्याकरण निघालें. १८५० सालीं मेजर कँडी यांनीं विरामचिन्हांची परिभाषा प्रसिद्ध केली. १८५५ सालीं मुंबई इलाख्यांत विद्याखातें सुरू झालें आणि पुढें शाळोशाळीं क्रमिक पुस्तकें गेलीं.

यांत लाभ मोठा झाला. पुण्याच्या सावकाराचा मुलगा आणि कोंकणांतील कुळाचा मुलगा एकच धडा वाचूं लागले, एकाच परीक्षेस बसूं लागले. गरिबाच्या हातीं हें मोठेंच साधन आलें.

परंतु त्याचें मोलही द्यावें लागलें. शालेय मराठीवर कँडीसाहेबांची छाप पडली. पुढें, १८७४ सालीं सुरू झालेल्या ‘निबंधमाले’ंत विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं इंग्रजी वळणाच्या मराठीवर कठोर टीका केली, ती उगीच नव्हे. शिवाय, डेप्युटीसाहेब येऊन जें विचारतील तेवढेंच शिकवावें, ही वृत्ति शिक्षकांत बळावली. एकसारखेपणा हा साधनाऐवजीं साध्य होऊन बसला.

मग एकच अभ्यासक्रम नको काय? हवाच. एका शाळेंत एकाच इयत्तेच्या दोन तुकड्या असल्या, आणि एकींत त्रैराशिक झालें व दुसरींत राहिलें, तर पुढल्या वर्षीं भोगावें लागतें तें मुलांना. म्हणून त्या विषयाच्या सर्व शिक्षकांनीं वर्षारंभीं एकत्र बसावें, वर्षाखेरीस प्रत्येक मुलाला काय आलेंच पाहिजे तें ठरवावें, आणि तें सर्वांनीं पाळावें. मात्र तें कसें शिकवावें, हें ज्याचें त्याच्यावर सोंपवावें. उंबरठा सर्वांचा एक असावा. आंतलें घर ज्याचें त्यानें मांडावें.