दारुहळदीची परीक्षा



हकिमांकडे 'रसौत' नावाचा काळपट, कडूजहर पदार्थ असतो. वैद्य त्यालाच रसांजन म्हणतात. हिमालयाच्या उतारांवर वाढणाऱ्या दारुहळदीची मुळे व साल उकळून, तो काढा आटवून हा पदार्थ तयार करतात. जुलाबावर तो देण्याची चाल युनानी व आयुर्वेद या दोन्हींत जुनी आहे. त्यातील पिवळे, कडू द्रव्य म्हणजे बर्बेरीन. त्याच्या कसोटीच्या इतिहासातील एक महत्त्वाचे पान आपल्या मुंबईत लिहिले गेले, हे फार थोड्यांना ठाऊक असेल.

वर्गात मुले विचारतात, "औषध घेतले, जुलाब थांबले, आणखी पुरावा कशाला?" प्रश्न साधा नाही. बहुतेक जुलाब चार-दोन दिवसांत आपोआपच थांबतात. मग गुण कोणाचा, औषधाचा की दिवसांचा? शिवाय पटकी, म्हणजे कॉलरा, हा माणसाचा रोग. जनावरांना तो सहसा होत नाही. तेव्हा औषध तपासायचे तरी कशावर?

ही अडचण परळच्या हाफकिन संस्थेतील डॉ. एन. के. दत्त यांनी सोडवली. सशाच्या दूधपित्या पिलांच्या आतड्यात पटकीचे जंतू सोडले की माणसासारखाच रोग होतो, हे दत्त व हब्बू यांनी १९५५ साली दाखवून दिले. पुढे १९५९ साली कलकत्त्याच्या शंभुनाथ डे यांनी सिद्ध केले की, जंतूंनी सोडलेल्या विषामुळे आतडे शरीरातील पाणी व क्षार बाहेर ओतू लागते. रोगी मरतो तो पाणी संपून. १९६२ साली दत्त व पानसे यांनी प्रायोगिक पटकीत बर्बेरीन उपयोगी पडते असे प्रसिद्ध केले, आणि १९६७ साली लाहिरी व दत्त यांनी रुग्णांवरील अनुभवही अनुकूल असल्याचे लिहिले.

इथेच थांबले असते तर गोष्ट फार गोड झाली असती. पण १९८५ साली रंगूनच्या डॉक्टरांनी ४०० रुग्णांवर खरी कडक परीक्षा घेतली. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी रुग्णांची वाटणी केली. कोणाला बर्बेरीन, कोणाला टेट्रासायक्लीन, कोणाला दोन्ही, तर कोणाला औषध नसलेली नुसती गोळी. कोणाला काय दिले हे रुग्णालाही ठाऊक नाही व तपासणाऱ्या डॉक्टरलाही नाही! त्यांपैकी १८५ जणांना पटकी होती. त्यांच्यात टेट्रासायक्लीनने स्पष्ट गुण आला. बर्बेरीनने शौचातून जाणारे पाणी हिशेबाने सुमारे एक लिटर घटले, इतकेच. उरलेल्या २१५ जणांना दोन्हींपैकी कोणत्याही औषधाचा नुसत्या गोळीपेक्षा अधिक फायदा दिसला नाही. असा निकाल लपवून न ठेवता छापणे, हे मला औषध शोधण्याइतकेच मोठे काम वाटते.

दोनच वर्षांनी, १९८७ साली, ढाक्याच्या आंतरराष्ट्रीय अतिसार संशोधन केंद्रातील १६५ प्रौढ रुग्णांवरील परीक्षेचा निकाल आला. विषारी ई. कोलाय जंतूमुळे जुलाब होणाऱ्यांना ४०० मिलिग्रॅम बर्बेरीन एकदाच दिले. चोवीस तासांत त्यांच्यापैकी शेकडा ४२ जणांचे जुलाब थांबले. औषध न दिलेल्यांत शेकडा २० जणांचे. पटकीवर मात्र परिणाम अल्पच, आणि टेट्रासायक्लीनच्या जोडीला बर्बेरीन देऊन काही अधिक साधले नाही. म्हणजे आजींचे औषध अगदी खोटे नव्हते, पण ते कोणत्या जुलाबावर चालते हे जंतू ओळखल्यावाचून कळणार नव्हते. घरी बसून जंतू ओळखता येत नाही, ही खरी अडचण.

या सर्व काळात जीव वाचवण्याचे काम दुसऱ्याच वस्तूने केले. १९७१ साली बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महलानबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा व ग्लुकोज पाण्यात कालवून पाजले. शेकडा तीसच्या आसपास असलेले मृत्यू चाराच्याही खाली आले. हे पाणी जुलाब थांबवत नाही, गेलेले पाणी भरून काढते. म्हणूनच ते कोणत्याही जंतूच्या जुलाबात चालते.

चीनमध्ये बर्बेरीनच्या गोळ्या जुलाबासाठी आजही विकल्या जातात. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी मुलांच्या जुलाबासाठी २००४ साली केलेल्या शिफारशीत मात्र दोनच गोष्टी मुख्य आहेत: क्षार-साखरेचे पाणी आणि जस्ताच्या गोळ्या.