नाबाद ३६

७ जून १९७५, लॉर्ड्सचं मैदान, पुरुषांचा पहिला विश्वचषक. (बायकांचा त्याआधी दोन वर्षं झाला होता बरं का!) इंग्लंडनं ६० षटकांत ३३४ धावा केल्या. आपले सुनील गावसकर सलामीला येऊन शेवटपर्यंत टिकले: १७४ चेंडू, नाबाद ३६. भारत २०२ धावांनी हरला.

सरासरी काढताना एकूण धावांना किती वेळा बाद झाले, त्यानं भागतात. गावसकर बादच झाले नाहीत, म्हणून या खेळीनं त्यांची सरासरी उलट वाढली! चेंडू मोजल्यावरच खरं कळतं. शंभर चेंडूंमागे जेमतेम २१ धावा. हाच स्ट्राइक रेट.

सांगलीत वाढलेल्या स्मृती मानधनानं २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध ६३ चेंडूंत १२५ केल्या, म्हणजे शंभरामागे १९८. पण समोर ४१२ धावा होत्या. तोही सामना आपण हरलोच.